नर्सिंग की रेडिओलॉजी टेक्नॉलॉजी? बारावीच्या निकालानंतर मला विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरातले दोन्ही फोन वाजायला लागतात. मी सोळा वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली सहा आयसीयूत गेली. धाकटा भाऊ एका तालुक्याच्या गावी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. त्यामुळे मामेबहिणीच्या नणंदेपासून दूधवाल्या काकांपर्यंत सगळ्यांना वाटतं की आमच्याकडे तराजू आहे, एका पारड्यात सिरिंज आणि दुसऱ्यात एक्स-रे ठेवला की काटा हलेल. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

दोन्हीकडे हॉस्पिटलच ना? मग फरक काय?

पेशंटबरोबर किती वेळ काढायचा, हा. बाकीचे फरक त्यातूनच निघतात.

माझ्या वॉर्डातल्या सात नंबरच्या आजोबांना पहाटे किती वाजता खोकल्याची उबळ येते, त्यांचा मुलगा फोन उचलतो की नाही, गोळी पाण्याबरोबर जाते की चहाबरोबर, हे मला ठाऊक असतं. ड्यूटी संपताना मी ते पुढच्या सिस्टरला ओव्हरमध्ये, म्हणजे वॉर्ड सोपवताना, सांगते. आठ-दहा दिवस तोच माणूस, तेच नातेवाईक. बरा होऊन गेला तर पेढे येतात, नाही झाला तर शेवटचं आवरायलाही मीच असते.

भावाकडे सकाळच्या ओपीडीत पन्नास-साठ जण येतात आणि प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात खुब्याचं हाड मोडलेल्या आजीला कुशीवर वळवायचं, रडणाऱ्या पोराचा हात सरळ ठेवायचा आणि ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ हे असं म्हणायचं की समोरचा खरंच श्वास धरेल. फोटो नीट आला की पुढचा. त्या आजीचं पुढे काय झालं ते त्याला बहुधा कळतच नाही. मला कळतं, आणि कधीकधी तेच जड जातं.

मला लोकांशी बोलायला आवडत नाही. मग रेडिओलॉजी घेऊ ना?

हा गैरसमज मशीन बघून होतो. तंत्रज्ञाला पेशंटशी कमी वेळ बोलावं लागतं, पण जास्त नेमकं बोलावं लागतं. एमआरआयच्या बोगद्यात वीस-पंचवीस मिनिटं ठोकठोक आवाज ऐकत निश्चल पडून राहायला घाबरलेल्या माणसाला राजी करणं हे बोलण्याचंच काम आहे. फक्त गप्पांचा कंटाळा असेल तर चालेल. माणसांचाच कंटाळा असेल तर दोन्हीकडे हाल होतील.

प्रवेशासाठी काय लागतं?

नर्सिंगचे तीन दरवाजे आहेत. एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविका, दोन वर्षांचा, कुठल्याही शाखेच्या बारावीनंतर, आणि तो फक्त मुलींसाठी. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीची पदविका, तीन वर्षांचा, त्यालाही कला-वाणिज्यची मुलं चालतात, इंग्रजी मात्र हवं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, शिवाय खुल्या गटाला ४५ टक्के आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण. महाराष्ट्रात बी.एस्सी.साठी राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते.

रेडिओलॉजीला विज्ञान शाखा लागतेच. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी हा पॅरामेडिकल पदवी अभ्यासक्रम तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप असा आहे, आणि त्यात रेडिओग्राफीची शाखा निवडता येते. इतर विद्यापीठांच्या बी.एस्सी. आणि काही पदविकाही आहेत. फार पुढचा विचार असेल तर पदवीच घ्या. २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी, म्हणजे तंत्रज्ञांसारख्यांसाठी, राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला, आणि या क्षेत्राला एकसारखा अभ्यासक्रम व नोंदणी लावण्याचं काम त्याखाली चालू आहे. अशा वेळी अर्धवट सर्टिफिकेट घेऊन उभं राहणं शहाणपणाचं नाही.

कला शाखेतून बारावी झाली असेल तर ‘नर्सिंग की रेडिओलॉजी’ हा प्रश्नच उरत नाही. जीएनएमचा फॉर्म भरा.

सहा महिन्यांचा ‘एक्स-रे टेक्निशियन’ किंवा ‘नर्सिंग केअर’ कोर्स केला तर?

बसस्टँडबाहेरच्या फ्लेक्सवर ‘१०० टक्के नोकरी’ असं लिहिलेलं असतं तो ना? नोकरी लागतेही. एखाद्या छोट्या दवाखान्यात, दहा-बारा हजारांवर, नोंदणीशिवाय. सहा महिने शिकून कुणी नोंदणीकृत नर्स होत नाही. त्यातून फार तर पेशंटची मदतनीस होता येतं. ते काम कमी दर्जाचं नाही, पण त्या फ्लेक्सवर तसं लिहिलेलं नसतं.

पैसे भरण्याआधी एकच गोष्ट तपासा: कोर्स संपल्यावर माझं नाव कोणत्या परिषदेच्या रजिस्टरमध्ये जाणार? नर्सिंगला महाराष्ट्र परिचर्या परिषद, आणि कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेचे निकष लागू. रेडिओलॉजीला महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषद. ‘आमची दिल्लीची मान्यता आहे’ असं उत्तर आलं तर चप्पल घालून बाहेर या.

अभ्यास कुठला अवघड?

वेगवेगळ्या अंगाने दोन्ही. नर्सिंगमध्ये शरीररचना, औषधशास्त्र, मानसशास्त्र, बालरोग, प्रसूती, सामाजिक आरोग्य असा पसारा असतो, आणि मध्येच साधं गणित येऊन पाय अडकवतं. ५०० मिली सलाईन आठ तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांचा आहे (म्हणजे २० थेंबांना एक मिली), तर मिनिटाला किती थेंब? उत्तर २१. परीक्षेत चुकलं तर मार्क जातात. वॉर्डात चुकलं तर म्हाताऱ्या हृदयावर पाण्याचा भार पडतो.

रेडिओलॉजीत विषय कमी आणि खोली जास्त. बारावीत ज्या फिजिक्सला नाकं मुरडली तेच इथे रोज भेटतं. छातीचा एक्स-रे शक्यतो पेशंटची पाठ ट्यूबकडे, म्हणजे किरण जिथून निघतात तिकडे, करून आणि ट्यूब १८० सेंटीमीटर लांब ठेवून काढतात. का? हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं. ते डिटेक्टरच्या, म्हणजे फोटो उमटतो त्या पाटीच्या, जवळ आणि ट्यूब लांब असली की सावली फुगत नाही. खाटेवर झोपवून समोरून काढला तर तेच हृदय मोठं दिसतं. हे ‘का’ ज्याला मजेशीर वाटतं त्याने डोळे मिटून रेडिओलॉजी घ्यावी.

रेडिएशनमुळे मूल होत नाही, केस जातात, कॅन्सर होतो म्हणतात. खरं काय?

हा प्रश्न मुलीपेक्षा तिच्या आईचा असतो, आणि तो दबक्या आवाजातच येतो.

एक्स-रे हा दिव्यासारखा आहे. बटण सोडलं की किरण संपले. खोलीत, भिंतीत किंवा कपड्यांत काही उरत नाही. बटण दाबताना तंत्रज्ञ पेशंटजवळ नसतो, तो शिसं घातलेल्या काचेमागे कन्सोलवर असतो. पोर्टेबल मशीन घेऊन वॉर्डात यावं लागतं तेव्हा तो ‘एक्स-रे’ असं ओरडतो आणि लांब सरकतो. अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो. शिशाचा एप्रन कमीत कमी पाव मिलिमीटर शिशाइतका रोधक असावा लागतो. त्याचं वजन मात्र तीन-चार किलो भरतं. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनवर, दिवसभर तो घालून उभं राहणाऱ्यांची खरी तक्रार कंबरेची असते.

मोजमाप कसं होतं तेही सांगते. छातीवर टीएलडी नावाचा छोटा बॅज लावतात, एप्रन असेल तर त्याच्या आत. दर तीन महिन्यांनी तो मोजणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने, ज्याचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, कामगारांसाठी मर्यादा घातली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. तुलनेसाठी, माती, हवा आणि आकाशातून आपल्या सगळ्यांना जगाच्या सरासरीने वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. नीट चालवलेल्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञाचा आकडा मर्यादेच्या खूप खाली राहतो. गरोदरपण कळल्याबरोबर कळवायचं असतं, मग पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागते आणि कामाची जागा बदलून मिळते.

‘नीट चालवलेल्या’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. भावाच्या पहिल्या नोकरीत बॅज मालकाच्या ड्रॉवरमध्ये असायचे, ‘हरवतात म्हणून’. ड्रॉवरचा डोस अर्थातच उत्तम यायचा. त्याने दोन महिन्यांत ती जागा सोडली. रेडिएशनची भीती बाळगायचीच असेल तर अशा ड्रॉवरची बाळगा.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. तिथे धोका चुंबकाचा, आणि तो चुंबक मशीन बंद वाटत असतानाही चालूच असतो. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक नातेवाईक मशीनकडे ओढला जाऊन दगावला. दाराशी उभं राहून किल्ल्या, पिना, सिलिंडर, स्ट्रेचर अडवणं हेही तंत्रज्ञाचंच काम आहे, समोर कितीही मोठा साहेब असला तरी.

मग नर्सिंग जास्त सुरक्षित, नाही का?

नाही. गंमत अशी की आईवडील किरणांना घाबरतात, सुईला घाबरत नाहीत. माझ्या सोळा वर्षांत मला दोनदा सुई टोचली आहे, वापरलेली. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, पण कावीळ बी ची लस घेतली नसेल तर त्या आजाराची शक्यता कितीतरी पट जास्त. म्हणून पहिल्या वर्षालाच लसीचे तिन्ही डोस पूर्ण करा. टोचलीच तर जखम दाबत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या दोन तासांत सुरू व्हायला हवं. शिवाय टीबीचा वॉर्ड आहे, पेशंट उचलून गेलेली पाठ आहे, आणि नातेवाइकांचा संताप आहे. डॉक्टर राउंड घेऊन निघून जातात, समोर सिस्टर सापडते.

आणि कॅथलॅबमधल्या, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीतल्या, सिस्टरलाही किरणं लागतातच. तीही एप्रन आणि बॅज घालते. नर्सिंग घेतलं म्हणजे रेडिएशनपासून सुटका झाली असंही नाही.

रक्त बघून मला चक्कर येते.

मलाही आली होती, दुसऱ्या आठवड्यात. बेडपॅनच्या वासाचं जास्त अवघड गेलं. बहुतेकांचं महिनाभरात जातं. वर्षभर गेलं नाही तर विचार करा. अपघाताचे पेशंट एक्स-रेलाही तसेच रक्ताळलेले येतात, एवढं लक्षात असू द्या.

पगार आणि नोकऱ्या कुठे जास्त?

इथे मी आकड्यानेच बोलते. रेल्वेच्या भरती मंडळाने २०२४ मध्ये पॅरामेडिकलच्या १,३७६ जागा काढल्या. त्यात नर्सिंग सुपरिंटेंडेंटच्या ७१३ होत्या आणि रेडिओग्राफरच्या ६४. पहिल्या पदाचं मूळ वेतन ४४,९००, दुसऱ्याचं २९,२००. जाहिरात एकाच खात्याची असली तरी चित्र सर्वसाधारण असंच असतं. साठ खाटांच्या हॉस्पिटलला एक्स-रेवर तीन माणसं पुरतात. नर्सेस तीस लागतात आणि तरी कमी पडतात.

खासगीत चित्र उलटसुलट होतं. सुरुवातीला दोघांचे पगार सारखेच किरकोळ असतात. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलं की ५० पेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलातही नर्सला २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्यावं. शिफारस कागदावर आहे. माझ्या ओळखीतल्या किती मुलींना ते वीस हजार पहिल्या दिवसापासून मिळाले ते मी बोटांवर मोजू शकते. तंत्रज्ञाचं मात्र सीटी आणि एमआरआय हातात आलं की चार-पाच वर्षांत भाव वाढतो, कारण स्कॅन सेंटर चांगल्या हाताला धरून ठेवतं. त्यातले काही मशीन बनवणाऱ्या कंपन्यांत इतरांना शिकवायला जातात.

पोटासाठी लवकर आणि कुठेही नोकरी हवी असेल तर नर्सिंग. हे माझं मत, भावालाही ते मान्य आहे. तो फक्त म्हणतो, ‘ताई, पण मी जेवायच्या वेळी जेवतो.’

रात्रपाळी, लग्न, मुलं कसं जमतं?

सरकारी दवाखान्यात सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्या फिरतात. रात्रीची लांब असते, संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. खासगीत बारा-बारा तास सर्रास. एक्स-रे विभागातही रात्री कुणीतरी लागतंच, पण वॉर्डात रात्री पाच नर्सेस असतात तेव्हा तिथे एक असतो. स्वतंत्र स्कॅन सेंटर घेतलं तर रात्र बहुधा टळते.

स्थळं बघताना ‘मुलगी नर्स आहे’ म्हटल्यावर भुवया उंचावणारी घरं अजून आहेत. शंभर वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून विधवा आणि परित्यक्ता बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हाही लोक हेच बोलत होते. मला सासू अशी मिळाली की रात्रपाळीवरून आले की दुपारपर्यंत दारावरची बेलसुद्धा वाजू देत नाही. असं घर हुडकायला वेळ लागला, लागू द्यावा.

मुलांनी नर्सिंग करावं का?

करावं. ‘ब्रदर’ला आयसीयू, कॅज्युअल्टी आणि ऑपरेशन थिएटरात चांगली मागणी असते. पण सरकारी जागांचं गणित आधी बघा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत, म्हणजे नॉरसेटमध्ये, ८० टक्के जागा महिलांना आहेत. रेडिओलॉजीत अशी भिंत नाही.

मुलींसाठी एक वेगळी वाट आहे, सैनिकी परिचर्या सेवा. देशात बी.एस्सी. नर्सिंगच्या २२० जागा, त्यातल्या ४० पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात आणि ४० मुंबईच्या अश्विनी नौदल रुग्णालयात. निवड नीटच्या गुणांवर सुरू होते, शिक्षणानंतर लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळतं. नीट दिली आणि एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून रडत बसलेल्या कितीतरी मुलींना हे माहीतच नसतं.

रेडिओलॉजी केल्यावर सोनोग्राफी करता येईल का?

नाही. परदेशात सोनोग्राफर हा तंत्रज्ञांचा व्यवसाय आहे, ते व्हिडिओ बघून मुलं फसतात. आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा आहे आणि सोनोग्राफीचा प्रोब पात्र, नोंदणीकृत डॉक्टरच्याच हातात असावा लागतो. महाराष्ट्राने तर असा कायदा देशाच्या आधी, १९८८ मध्येच केला होता. कुणी ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ म्हणून नेमायला तयार असेल तर तो नोकरी देत नाही, उद्या गुन्हा दाखल झाला तर अडकायला तुमचं नाव पुढे करतोय.

रिपोर्टही तंत्रज्ञ लिहीत नाही. नातेवाईक दाराशी विचारतात, ‘काय दिसतंय हो?’ दिसतं बऱ्याचदा. सांगायचं नसतं.

परदेशात जायचं असेल तर?

नर्सिंगचा पासपोर्ट जास्त चालतो. अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सिंग परवान्याची परीक्षा, ब्रिटनला तिथल्या परिषदेची संगणक चाचणी आणि नंतर प्रात्यक्षिक परीक्षा, आखाताला तिथल्या परवान्याच्या परीक्षा. वाट रुळलेली आहे. जर्मनीसाठी जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत शिकावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यानंतर जीएनएमच्या मुलीही जर्मन व्याकरणातलं ‘डेर, डी, डास’ घोकताना दिसायला लागल्या. रेडिओग्राफरला ब्रिटनमध्ये तिथल्या आरोग्य व्यवसाय परिषदेची नोंदणी घेऊन जाता येतं, आखातातही संधी आहेत. अमेरिकेत मात्र इथल्या पदवीवर थेट दार उघडत नाही. एजंटला एकरकमी लाखो रुपये देऊन कुठेही जाऊ नका.

एआय आल्यावर तंत्रज्ञाची नोकरी जाईल?

मुंबईच्याच एका कंपनीचं सॉफ्टवेअर छातीच्या एक्स-रेत टीबीची शक्यता दाखवतं. ते फोटो वाचतं. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाचा खांदा हवा त्या कोनात आणणं ते करत नाही. काळजी करायचीच तर ती फक्त बटण दाबायला शिकलेल्याने करावी.

एक करून नंतर दुसऱ्यात जाता येतं?

पहिल्या वर्षापासून सुरुवात करूनच. मधला जिना नाही.

कॉलेज बघायला गेल्यावर काय विचारू?

इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. खाटा किती, त्यातल्या भरलेल्या किती? नर्सिंगचं कॉलेज असेल तर मुलींना प्रसूती कुठे बघायला मिळतात, आणि तिथे जायला किती तासांचा बसप्रवास आहे? रेडिओलॉजीचं असेल तर स्वतःचं सीटी आणि एमआरआय आहे का, की ते करारावर दुसऱ्याचं आहे आणि विद्यार्थी काचेबाहेर उभे राहतात? विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाचे बॅज मिळतात का? फी किती असावी हे खासगी कॉलेजांसाठी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर लावतं. तो आकडा घेऊनच ऑफिसात बसा. मुलगी असेल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला २०२४ पासूनची शिक्षण शुल्क माफी लागू होते का, हे तिथेच विचारा.

मग प्राचार्यांच्या केबिनमधून बाहेर पडून कँटीनमध्ये चहा घ्या आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा, ‘आजपर्यंत स्वतःच्या हाताने किती सलाईन लावलीस?’ किंवा ‘किती एक्स-रे काढलेस?’ ती आकडा सांगायच्या आधी हसली तर दुसरं कॉलेज बघा. आणि मूळ मार्कलिस्ट कुणी ‘ठेवून जा’ म्हणालं तर झेरॉक्स द्या. माझी मूळ कागदपत्रं पहिल्या खासगी नोकरीत अकरा महिने अडकून पडली होती.